नवी मुंबईत बाराही महिने सायकल चालवायची तर

नवी मुंबईत सायकल घेणारे खूप आहेत, बाराही महिने चालवणारे कमी. जानेवारीत गार हवा सुटली की हुरूप येतो, मार्चपर्यंत रोज निघतात, एप्रिलमध्ये घामाने कंटाळा येतो, जूनमध्ये पाऊस, आणि मग ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिन्याखाली जी उभी राहते ती दिवाळीच्या साफसफाईलाच परत दिसते, तोपर्यंत चेन तांबडी झालेली असते. माझं सरळ म्हणणं आहे की बारा महिने सायकल चालवायला भारी सायकल लागत नाही, निघायची वेळ ऋतूप्रमाणे बदलता आली पाहिजे आणि तेलाची बाटली घरात पाहिजे, एवढंच. आणि आपल्याकडे वेळ ठरवताना नुसतं घड्याळ बघून चालत नाही, खाडी पण बघावी लागते.

हे लिहितोय ते सायकलवर भाजी आणणाऱ्यांसाठी, स्टेशनला जाणाऱ्यांसाठी, मुलांना क्लासला सोडणाऱ्यांसाठी. सिडकोने, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीने, नोड म्हणजे वाशी, नेरूळसारखे शहराचे भाग आखताना रस्ते रुंद ठेवलेत, सेक्टरमधले अंतर्गत रस्ते झाडीचे आहेत, घरापासून स्टेशन बहुतेक वेळा दोन-तीन किलोमीटरच्या आत. सायकलसाठी हे अंतर अगदी बरोबर आहे, रिक्षाची वाट बघेपर्यंत तुम्ही पोचलेले असता.

आधी भरतीचं गणित शिकून घ्या

आपलं शहर बरंचसं खाडीलगतच्या सखल जमिनीवर भर घालून उभं राहिलंय. म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले, होल्डिंग पॉंड म्हणतात ते, भरतीला त्यांची दारं बंद, ओहोटीला उघडी, म्हणजे खाडीचं पाणी शहरात शिरत नाही आणि पावसाचं पाणी ओहोटी लागली की निघून जातं. आता याचा सायकलशी संबंध काय, तर जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला जागाच नसते, ते रस्त्यावर आणि सबवेमध्ये थांबतं. तोच पाऊस ओहोटीच्या वेळी पडला तर अर्ध्या-पाऊण तासात रस्ता मोकळा झालेला दिसतो.

भरती कधी आहे ते कळायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन, अष्टमी असेल तर सहा आणि सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा ठोकताळा आहे, शिवाय खाडीत आत पाणी चढायला किनाऱ्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येला बारा-साडेबारा धरलेत तरी चालेल. अगदी मिनिटाची वेळ हवी असेल तर भरतीचं टाइमटेबल मोबाइलवर मिळतं, पण कोळीवाड्यात जन्म गेलेल्या माणसाला त्याची गरज लागत नाही, आणि सायकलवाल्यालाही हळूहळू लागत नाही.

यातून एक फार कामाची गोष्ट निघते. उधाणाची भरती, म्हणजे पौर्णिमा-अमावास्या आणि त्याच्या पुढचे दोन दिवस, ही आपल्याकडे कायम दुपारी आणि मध्यरात्रीच येते. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीची बातमी येते ना, त्या दिवशी पाऊस धरून बसला असेल तर धोका दुपारी बारा ते दोनला, म्हणजे नेमका सकाळच्या शाळा सुटायच्या वेळी असतो, ऑफिसातून संध्याकाळी सहाला निघणाऱ्याला तोपर्यंत ओहोटी लागलेली असते. म्हणून अशा दिवशी मुलांना सायकलने शाळेत पाठवू नका, स्वतः मात्र संध्याकाळी रस्ता बघून निघू शकता. आणि अष्टमीच्या आसपास भरती सकाळ-संध्याकाळी येते पण ती भांगाची, तेव्हा पाणी फार चढत नाही.

पाऊस

मुंबईत मान्सून पोचायची सरासरी तारीख ११ जून, परतायची ८ ऑक्टोबर. म्हणजे वर्षातले चार महिने. हे चार महिने सोडून दिले तर बाराही महिने म्हणण्यात अर्थच नाही, म्हणून याच्यावर जरा जास्त बोलतो.

सगळ्यात घसरडा दिवस पहिल्या पावसाचा. मे महिनाभर रस्त्यावर गाड्यांचं तेल, रबराची भुकटी आणि धूळ बसलेली असते, पहिली सर आली की त्याचा साबणासारखा थर होतो आणि तो धुऊन जायला चांगले दोन-तीन मोठे पाऊस लागतात. तोपर्यंत वळणावर सायकल कलती करायची नाही, सरळ ठेवून हळू वळायचं. बाकी चार महिने घसरतं ते ठरावीक जागी, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं, पुलावरचे लोखंडी जोड, शेवाळलेले पेव्हर ब्लॉक, आणि जूनच्या सुरुवातीला सोनमोहोराच्या पिवळ्या फुलांचा ओला सडा. यांच्यावरून जाताना ब्रेक दाबायचा नाही आणि हँडल फिरवायचं नाही, जे काही करायचं ते आधी करून घ्या. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा किंचित कमी ठेवा, पकड बरी मिळते.

रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर ओल्या रिमवर ते लगेच लागत नाहीत, चाकाचे एक-दोन फेरे पाणी पुसण्यात जातात आणि मग पकडतात. त्यामुळे सिग्नल लांबून दिसला की हलके दाबायला लागा. चिखलाची बारीक रेती ब्रेक शूमध्ये रुतते आणि रिम खरवडते, खर्र आवाज आला की थांबून शू पुसा, नखाने खडा काढून टाका, नाहीतर शंभर-दोनशेच्या शूपायी रिम बदलायची पाळी येते.

खड्डा दिसतो तोपर्यंत ठीक, पाण्याने भरलेला दिसत नाही. तळ न दिसणाऱ्या पाण्यात सायकल घालायची नाही. हे ऐकायला साधं वाटतं पण घरी जायच्या घाईत भलेभले घालतात. पुढची रिक्षा कुठून गेली ते बघा, तिची चाकं जिथे बुडाली नाहीत तिथून जा. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर उतरा आणि परत फिरा, कारण एक तर खाली चेंबर उघडं आहे की नाही कळत नाही आणि दुसरं म्हणजे हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीत, आणि पायडलच्या एक्सलमध्ये पाणी शिरलं की ग्रीस जातं. हायवेखालचे आणि रेल्वेखालचे सबवे सगळ्यात आधी भरतात, तुमच्या रोजच्या रस्त्यावर सबवे असेल तर वरून जाणारा दुसरा रस्ता उन्हाळ्यातच शोधून ठेवा. आणि साचलेल्या पाण्यातून चालावं लागलंच, त्यात पायाला जखम असेल, तर घरी आल्यावर पाय साबणाने धुवा आणि डॉक्टरांना जाऊन सांगा, अशा पाण्यातून होणारा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, हा खरंच वाईट आजार आहे, ताप येईपर्यंत वाट बघायची नसते.

रेनकोट दोन तुकड्यांचाच घ्या, जाकीट आणि पँट. मोठ्या झग्यासारखा असतो तो वाऱ्यात फुगतो आणि त्याचा घेर चाकात जातो. टोपी डोळ्यावर येणारी नको, मागे वळून बघताना टोपी जागेवर राहते आणि आपलं डोकं फिरतं, त्यात मागची गाडी दिसत नाही. ऑफिसचे बूट पिशवीत, पायात फ्लोटर. मोबाइल आणि पाकीट झिपच्या प्लास्टिक पाऊचमध्ये. मडगार्ड नसेल तर जूनच्या आधी बसवून घ्या, पुढचं मागचं दोन्ही, कारण आपण भिजतो ते आभाळातून येणाऱ्या पाण्याने कमी आणि मागच्या चाकाने पाठीवर उडवलेल्या चिखलाने जास्त.

पाम बीच रोडबद्दल एक, वाशीहून बेलापूरला खाडीच्या बाजूने जातो तो. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो, म्हणजे खाडीकडून. वाशीहून बेलापूरला जाताना तो उजवीकडून लागतो आणि तुम्हाला रस्त्याच्या कडेला ढकलतो, ते परवडतं. परत येताना तुम्ही खाडीच्या बाजूच्या लेनला असता आणि वारा डावीकडून मारतो, म्हणजे थेट गाड्यांच्या अंगावर ढकलतो, आणि तिथे गाड्या कशा येतात ते सगळ्यांना माहीत आहे. जोराचा वारा असेल त्या दिवशी येताना पाम बीच सोडा, सानपाडा नेरूळच्या सेक्टरमधून आतल्या रस्त्याने या. आमरा मार्ग आणि ठाणे-बेलापूर रोड तर पावसात सायकलने नकोच, जेएनपीटी बंदराचे कंटेनर आणि एमआयडीसीचे ट्रक पाणी उडवत जातात तेव्हा दोन सेकंद समोरचं काहीच दिसत नाही. खारघरला पांडवकड्याच्या धबधब्याकडे जायला पावसाळ्यात मनाई असते, लांबून डोंगर बघा, ते पण छान दिसतं.

घरी आल्यावरची पाच मिनिटं

सायकल टिकते की गंजते ते इथे ठरतं. खाडीमुळे आपल्या हवेत खार असतो, ओली चेन रात्रभर तशीच ठेवली की सकाळी तिच्यावर तांबूस रंग चढलेला असतो. आल्याबरोबर सायकल दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर हलकी आपटा, पाणी झटकलं जातं. जुन्या बनियनच्या फडक्यात चेन धरायची आणि पायडल उलटं फिरवायचं, फडकं काळं होईल, होऊ द्या. मग प्रत्येक कडीच्या आतल्या बाजूला तेलाचा एक थेंब, पूर्ण चेन झाली की परत कोरड्या फडक्याने वरचं तेल पुसून काढायचं. लोक इथेच चुकतात, तेल वरून ठिबकेपर्यंत ओततात, त्याला सगळी रेती चिकटते आणि चेन, फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चकती, दोन्ही झिजतं. तेल आत पाहिजे, बाहेर नको.

पावसाळ्यात चेनसाठी जाड तेल मिळतं ते वापरा, ते सरीत धुऊन जात नाही. शिलाई मशीनचं तेल कोरड्या दिवसात ठीक आहे, पावसात एका फेरीत निघून जातं. आणि तो स्प्रे असतो ना निळ्या-पिवळ्या डब्यातला, डब्ल्यूडी फॉर्टी, तो पाणी हटवायला आणि अडकलेला नट सोडवायला चांगला, चेनला नुसता तो मारून ठेवू नका, त्यावर तेल घालायलाच लागतं. डिस्क ब्रेक असेल तर स्प्रे आणि तेल त्या डिस्कपासून लांब, एक थेंब उडाला तरी ब्रेक लागत नाही.

महिन्यातून एकदा सीटचा दांडा बाहेर काढा आणि सायकल उलटी करा. आतून पाणी निघेल. तिथे पाणी साचतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, फ्रेम आतून गंजत जाते. दांड्याला ग्रीसचं बोट लावून परत घाला.

गणपती ते दिवाळी

गणपतीत मंडपांमुळे रस्ते अर्धे होतात, विसर्जनाच्या दिवशी तलावांकडचे रस्ते बंद, तेव्हा सायकलवाल्याची खरी चैन असते कारण बोळातून निघता येतं, फक्त गर्दीत चालवायची नाही, उतरून हातात धरून न्यायची.

पितृपक्षात किंवा नवरात्राच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सायकल दुकानात टाका, पूर्ण ओव्हरहॉलिंगला. पाऊस जवळजवळ गेलेला असतो आणि दसऱ्याला झेंडूचा हार घालून पूजा करायला ती घरी आलेली असते. दुकानदाराला नुसतं सर्विसिंग करा म्हणू नका, नेमकं सांगा की दोन्ही हब खोलून जुनं ग्रीस काढा आणि नवीन भरा, एक्सलचे छर्रे बघा, रिमचा आऊट काढा म्हणजे डगमगणारं चाक सरळ करा, ब्रेकच्या वायर बदला. चार महिन्यांच्या पाण्याने वायरी आतून गंजलेल्या असतात, ब्रेक दाबल्यावर लिव्हर जागेवर यायला वेळ लागत असेल तर तेच. चेन ताणली गेली असेल तर आताच बदला, ताणलेली चेन फ्रीव्हीलचे दाते खाते, मग दोन्हीचा खर्च.

ऑक्टोबरमध्ये ऊन परत कडक होतं आणि खड्डे बुजवतात, त्या बुजवलेल्या खड्ड्यातली खडी सुटून वळणावर पसरते. ओल्या रस्त्यापेक्षा मला हीच जास्त धोक्याची वाटते, कारण रस्ता कोरडा दिसतो म्हणून आपण जोरात असतो. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नको. संध्याकाळी सातवीण फुललेली असते, आतल्या रस्त्यांवर तिचा वास भरून राहतो, काहींचं त्याने डोकं दुखतं, मला आवडतो.

थंडी

आपल्याकडे थंडी म्हणजे स्वेटर कपाटातून काढायचा की नाही या विचारातच संपते, पण सायकलसाठी हेच तीन महिने सोन्याचे. दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे उजेड. जूनमध्ये सूर्य सहाला उगवतो, जानेवारीत सव्वासातला. सकाळी सहाला निघणारा माणूस उन्हाळ्यात उजेडात असतो, तोच हिवाळ्यात पूर्ण अंधारात, आणि संध्याकाळी पण डिसेंबरात सहालाच मावळतं. मागचा लाल दिवा लावल्याशिवाय निघायचंच नाही, पुढचा पांढरा दिवा थोडा खाली झुकवून, समोरच्याच्या डोळ्यात मारायचा नाही. चार्जिंगचे छोटे दिवे मिळतात, मोबाइलसोबत रात्री चार्जिंगला लावायची सवय लावा.

दुसरी हवा. हिवाळ्यात पहाटे गार हवा जमिनीलगत दबून राहते, वर जात नाही, त्यात एमआयडीसी, धूळ, गाड्यांचा धूर सगळं अडकतं. पहाटे पाचची हवा शुद्ध असते हे आपण लहानपणापासून ऐकलंय, पण हिवाळ्यात बऱ्याचदा उलट असतं, ऊन पडून जरा वारा सुटल्यावर हवा मोकळी होते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत व्यायामाचा फेरा आठनंतर मारा, किंवा संध्याकाळी. केंद्राच्या प्रदूषण मंडळाचं समीर नावाचं ॲप आहे, त्यात आकडा बघा आणि खराब असेल तर जोरात चालवू नका, नुसतं काम करून या. तुर्भे, एपीएमसीच्या घाऊक बाजाराच्या आसपास पहाटे जाऊच नका, तिथे तेव्हाच ट्रक-टेम्पोची सगळ्यात जास्त ये-जा असते, आणि हापूसचा सीझन सुरू झाला की विचारू नका.

फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात, मेपर्यंत असतात. सायकल घेऊन बघायला जायचं असेल तर परत तेच तिथीचं गणित, फक्त इथे भरती हवी. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात लांबवर पसरून खात असतात, भरतीने चिखल बुडाला की उडून आतल्या पाणथळींवर येतात, सीवूड्सच्या डीपीएस तलावावर, टीएस चाणक्य या जहाजावरच्या प्रशिक्षणाच्या संस्थेच्या मागे. म्हणजे सकाळी आठ-साडेआठची भरती हवी असेल तर एकादशीच्या आसपासचा दिवस निवडायचा. ऐरोलीकडे राहत असाल तर तिथलं जैवविविधता केंद्र बघा, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ ला ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झालं, आपल्या घरापासून सायकलच्या अंतरावर हे आहे याचं मला खरंच अप्रूप वाटतं. तिथे गेल्यावर घंटी वाजवू नका, सायकल लांब लावून चालत जा.

आणि संक्रांत. जानेवारीचा पहिला पंधरवडा गळ्याभोवती जाड मफलर किंवा बफ घालूनच सायकल चालवा, गरम होत असलं तरी. नायलॉन मांज्यावर हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे तरी तो दिसतो, रस्त्यावर आडवा लोंबणारा मांजा सायकलवरून दिसत नाही आणि गळा कापला जातो. मैदानांच्या आणि उड्डाणपुलांच्या आसपास हळू. मुलांना सायकलवर पुढे बसवत असाल तर या दिवसांत नका बसवू.

उन्हाळा

मार्चपासून हिवाळ्याचं टाइमटेबल उलटं फिरवा, सकाळी साडेआठच्या आत घरी, संध्याकाळी पाचनंतर बाहेर. आपल्याकडे तापमानापेक्षा दमटपणा त्रास देतो, घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंडच होत नाही. चाळीशीचा आकडा नाही म्हणून बेफिकीर राहू नका. पाण्याच्या बाटलीत चिमूटभर मीठ, लिंबू, साखर, किंवा कोकम, आणि तहान लागायच्या आधी घोटघोट. डोकं हलकं वाटलं, घाम थांबला, मळमळलं तर सावलीत उतरायचं आणि फोन करून कोणाला तरी बोलवायचं, थोडंच राहिलंय म्हणून पुढे जायचं नाही.

दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. वाशीहून बेलापूरच्या दिशेने तो पाठीवर असतो, पाय आपोआप फिरतात, आणि आपण किती छान चालवतोय असं वाटत असताना परतीला तोच वारा छातीवर येतो तेव्हा दमलेलो असतो. वाशीकडे राहणाऱ्यांनी संध्याकाळी जाताना ताकद राखून ठेवायची. नेरूळ-बेलापूरकडचे नशीबवान, त्यांना आधी कष्ट आणि मग आराम.

सायकल उन्हात तासन्तास उभी राहणार असेल तर हवा काठोकाठ भरू नका. टायरच्या बाजूला किती हवा ती लिहिलेली असते, त्या आकड्याच्या थोडं खाली. पॅचचं सोल्युशन उन्हाने सैल पडतं, दोन-तीन पॅच झालेली ट्यूब असेल तर बदलून टाका.

पंक्चर आणि हवा

ट्यूबचा वॉल्व कोणता आहे ते घेतानाच बघा. गाडीसारखा जाड वॉल्व असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण तिथला दाब सायकलसाठी फार असतो, हळूहळू थोडी थोडी भरायला सांगा, नाहीतर फट्कन फुटते. जुन्या सायकलीचा वालट्यूबवाला असेल तर सायकलवाल्याकडचा पंपच हवा. पंक्चरवाले नोडच्या मधोमध कमी आणि गावठाणांच्या कडेला जास्त सापडतात, शिरवणे, करावे, वाशीगाव, घणसोली, तिथे जुनी सायकलची दुकानं पण आहेत आणि कामाला हात चांगला असतो. सीटखालच्या पिशवीत एक नवीन ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप आणि चाकाच्या नटाचा पाना ठेवा. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून काच किंवा तार राहिलीय का बघा, ती तशीच ठेवून नवीन ट्यूब घातली की दहा मिनिटांत परत बसते. आणि ट्यूब प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, पान्याच्या घासण्याने ती पिशवीतल्या पिशवीतच फाटते.